चूक कोणाच्या भाषेत सांगायची?

पाटसला बोलायचं म्हणजे उदाहरणासाठी लांब जायला नको. पुणे-सोलापूर महामार्गावरचा इथला टोलनाकाच घ्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि एक शब्द खेड्यापाड्यांत पोचला : ब्लॅकलिस्टेड. टॅगमध्ये पैसे कमी पडले तरी ब्लॅकलिस्टेड, कागदपत्रांची पूर्तता राहिली तरी ब्लॅकलिस्टेड. भाजीचा टेम्पो घेऊन निघालेल्या माणसाला वाटतं, आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय! खरं तर त्याला एवढंच सांगायला हवं होतं, की शिल्लक कमी आहे, पैसे भरा आणि जा.

आमचा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे एरर मेसेज हा आम्हाला निव्वळ तांत्रिक भाग वाटत नाही. काय बिघडलं, कशामुळे बिघडलं आणि आता मी काय करू, हे तिन्ही कळणं हा समोरच्या माणसाचा हक्क आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात ‘एड’ नावाचा एडिटर होता. काहीही चुकलं की तो फक्त एक प्रश्नचिन्ह दाखवी. जाणत्यांना ते पुरे होई. बाकीच्यांनी काय करायचं?

आता दुसरी गोष्ट, कोड रिव्ह्यू. एकानं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यानं वाचून, शंका काढून, मगच स्वीकारायचा. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या प्रथेवर उभं आहे. १९९१ मध्ये लिनक्स सुरू झालं तेव्हापासून लोक आपापले बदल ईमेलनं पाठवत आणि बाकीचे ते उघडपणे वाचत. आता हे वाचन नेहमी नीट होतंच असं नाही बरं का. ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक २०११ च्या ३१ डिसेंबरला आत शिरली, तपासणाऱ्याच्या नजरेखालून गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये जगासमोर आली. आलेल्या मजकुराची लांबी तपासायची राहून गेली होती, बस्स.

पण ही रीत मराठीला नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारलं आणि एकेक लीळा नागदेवाचार्यांपुढे ठेवून तपासून घेतली. पुढे ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. अर्थातच पाठभेद झाले. पण त्यांनी ते दडपले नाहीत. हा पाठ अमक्याचा, तो तमक्याचा, अशी नावानिशी नोंद पोथ्यांत राहिली. २००५ साली आलेलं ‘गिट’ दुसरं काय करतं? कोणती ओळ कोणी, कधी बदलली, ते सांभाळून ठेवतं.

आणि याच नागदेवाचार्यांची ‘स्मृतिस्थळा’तली गोष्ट पाहा. केसोबास संस्कृतात आणखी लिहू पाहत होते. आचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय, तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या वंचित राहतील. म्हणजे मजकूर तपासणारा आणि वाचणाऱ्याची काळजी वाहणारा माणूस एकच. आमच्या मते आजच्या कोड रिव्ह्यूचं उणं नेमकं इथं आहे. तर्क दहाजण तपासतात. माणसाला दिसणारं वाक्य मात्र कोणीच मोठ्यानं वाचून पाहत नाही.

मराठीत याचा फटका कसा बसतो, ते सांगतो. १९९५ पासून ‘जीएनयू गेटटेक्स्ट’ नावाची सोय आहे. प्रोग्राममधली इंग्रजी वाक्यं वेगळी काढून अनुवादकाला देतात. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी लिनक्सचे मराठी अनुवाद केले, ‘लोहित’ हा टंक सांभाळला. त्यांचं ऋण मोठं. पण अनुवादकाच्या हाती येतं काय? समजा, ‘अमुक सापडलं नाही’ या अर्थाचं एकच वाक्य, आणि ‘अमुक’च्या जागी रिकामी खूण. इंग्रजीत तिथं काहीही बसतं. मराठीत फाइल सापडली नाही, फोल्डर सापडला नाही, चित्र सापडलं नाही. एका वाक्यात तिन्ही लिंगं कशी बसवणार? गेटटेक्स्टमध्ये अनेकवचनाची सोय आहे, लिंगाची नाही. मग जे निघतं ते वाचून लोक म्हणतात, संगणकाची मराठी अशुद्ध. अहो, दोष अनुवादाचा नाही, मूळ कोडचा आहे! फाइल, फोल्डर, चित्र यांसाठी तीन वेगळी, पूर्ण वाक्यं लिहिली असती तर काम भागलं असतं. पण हे ध्यानात यायला रिव्ह्यूच्या वेळी मराठी, निदान हिंदी तरी जाणणारं कोणी हजर हवं. इंग्रजी वाचणाऱ्याला तिथं चूक दिसतच नाही, कारण त्याच्या भाषेत ती नसतेच.

तसंच ‘उघडा’ हा शब्द. बटणावर तो आज्ञा म्हणून ठीक. पण एखाद्या वस्तूची स्थिती सांगायला आला तर दरवाजा चालेल, खिडकी नाही. वाक्य कुठं वापरायचंय ही माहिती सोबत देण्याची जागा गेटटेक्स्टमध्ये आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ती भरायची, एवढंच.

इथं समोर संगणक शिकणारी मुलं बसली आहेत. या कामाला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. मराठी पडद्यावर अडलात की ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, तेव्हा काय करत होतात ते लिहा, घरातल्या माणसांना ते वाचून दाखवा, त्यांना काय कळलं तेही लिहा आणि त्या प्रकल्पाकडे पाठवा. वाक्य जोडून बनवलेलं वाटलं तर अनुवादकाला नाही, कोड लिहिणाऱ्याला कळवा.