देवचौकातील पाला आणि फ्लोराची फुले

देह संपतो आणि त्यातून वनस्पती उगवते, ही कल्पना अनेक संस्कृतींच्या पुराणकथांत आढळते. युरोपातील बरोक काळाच्या चित्रकलेत ती फुलांच्या रूपाने आली; पालघर जिल्ह्यातील वारली समाजाच्या लग्नचित्रात ती धान्याच्या कोंबांतून व्यक्त होते.

फ्रेंच चित्रकार निकोला पुसँ याने १६३१ मध्ये रोम येथे ‘फ्लोराचे राज्य’ हे चित्र रंगविले. सध्या ते जर्मनीतील ड्रेस्डेन येथे आहे. मध्यभागी पुष्पदेवता फ्लोरा फुले उधळीत नाचते. भोवती आहेत ती पुढे फुले झालेली पात्रे: तलवारीवर कोसळणारा एजॅक्स, पाण्यातील प्रतिबिंबात हरवलेला नार्सिसस, मांडीवरची जखम पाहणारा अडोनिस. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या या कथा ठाऊक नसतील, तर चित्र केवळ बागेतला उत्सव वाटते.

पोशेरा ज्या जव्हार-मोखाडा पट्ट्यात येते, तेथे वारली समाजाची मोठी वस्ती आहे. या समाजाच्या परंपरेत लग्नापूर्वी सवाशिणी शेणामातीने व गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाविना लग्न लागत नाही. देवचौकात पालघाट देवी असते. पाल्याने ओसंडणारा घट, असा तिच्या नावाचा अर्थ सांगितला जातो. सोबतच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा शिरविरहित देव असतो. त्याच्या मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले दाखवितात. एजॅक्सच्या रक्तातून फूल उमलते, येथे छिन्न देहातून पीक उभे राहते. फरक हेतूचा आहे. पुसँचे चित्र रसिकाच्या संग्रहासाठी होते, चौक नवदांपत्याच्या घरी सुफलता यावी म्हणून.

१९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणून जगभर पोहोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे अनेक कुटुंबांना रोजगाराचे साधन लाभले. मात्र साड्या आणि कपबशांवर प्रामुख्याने तारपा नृत्याची वर्तुळे उमटली. पालघाट देवी व पंचशिऱ्या मागे राहिले.

ओव्हिडच्या कथा ग्रंथात सुरक्षित असल्याने पुसँची फुले आजही वाचता येतात. चौकाचा अर्थ मात्र लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांत आणि सवाशिणींच्या स्मरणात आहे. ती गाणी थांबली, तर पाच कोंब केवळ नक्षी ठरतील.