परदेशी पाहुणा मुक्कामी येतोय? २४ तासांत ही नोंद कराच

शिर्डीला साईदर्शनासाठी, नगर तालुक्यात अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीसाठी, भंडारदरा-हरिश्चंद्रगडाला भटकंतीसाठी, तर हिवरे बाजारला पाण्याचं काम बघायला. परदेशी पाहुणे आपल्या जिल्ह्यात येतातच. ते गावात मुक्कामी राहिले तर चार पैसे गावात राहतात. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावकऱ्यांनी हे करून दाखवलंय. पण मुक्काम म्हटला की एक कागद चुकवून चालत नाही.

सरकारने काय सोय केलीय?
• पर्यटकांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली.
• १३६३ ही पर्यटक हेल्पलाइन २४ तास चालू असते. हिंदी, इंग्रजी आणि १० परदेशी भाषांत मदत मिळते. हा नंबर घराच्या दारावर लावून ठेवा.
• राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. शेतावर पर्यटन केंद्र चालवायचं असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

यजमानाने काय करायचं?
परदेशी नागरिक मुक्कामी आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेल, लॉज, धर्मशाळा, होम स्टे यांनाच नव्हे, तर घरात पाहुणा ठेवणाऱ्यालाही हा नियम आहे. फॉर्मला पैसे लागत नाहीत. चुकलं तर जबाबदारी यजमानावर येते.

कसं भरायचं?
१. इंडियन एफआरआरओ या सरकारी वेबसाइटवर आधी आपल्या जागेची नोंदणी करून युजर आयडी घ्या. त्याला मंजुरी लागते, म्हणून पाहुणा यायच्या आधीच हे उरका. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं.
२. पाहुणा आल्यावर पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आला, पुढे कुठे जाणार, ही माहिती भरा.
३. भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा.

डोंगरातल्या वाड्यांवर रेंज नसते. तिथे पासपोर्ट-व्हिसाचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या आणि रेंजमध्ये येऊन त्याच दिवशी फॉर्म भरा. पासपोर्ट मागताना लाजू नका, पाहुण्यांना त्याची सवय असते. फक्त तो आपल्याकडे ठेवून घेऊ नका, लगेच हातात परत द्या.