पांढरी, काळी आणि सळई

गेल्या महिन्यात धाकट्या भावाने बदनापूरजवळच्या शेतात दोन खोल्यांचा पाया घेतला. गवंडी होताच, पण सळई बांधायचं काम आम्ही दोघा भावांनी अंगावर घेतलं. दोन दिवसांत बोटं सोलून निघाली. आई बांधावर बसून बघत होती. म्हणाली, "एवढं लोखंड मातीत पुरायचं? आपल्या जुन्या घराच्या पायात एक खिळाही नव्हता!"

खरंच नव्हता. पण ते घर पांढरीत होतं. आपल्याकडे गावठाण म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर तिच्याबरोबर उठतं-बसतं. आता वाटण्या होऊन पांढरीत जागा उरली नाही, म्हणून घरं काळीत आली. आम्हीही मुरूम लागेपर्यंत खणलं, साडेपाच फूट.

काँक्रीट दाब सोसतं, पण ताण बसला की तडकतं. ताण घ्यायला आत लोखंड हवं. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने १८६७ साली तारेची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. म्हणजे आमच्या पायाचा एक पूर्वज चक्क कुंडी! ही जोडी टिकते, कारण उन्हात दोघं जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. पुढे पकड वाढावी म्हणून पिळाच्या सळया आल्या, आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेली 'टॉर' ती हीच. मग टीएमटी आली. तिच्यात लालभडक सळईवर पाण्याचा मारा करून वरची कड कडक करतात, गाभा मात्र लवचिक राहतो. जालन्यात ना लोहखनिज ना कोळशाची खाण, तरी इथल्या भट्ट्या भंगार वितळवतात आणि रोलिंग मिलमधून सळई निघते.

सळई वजनावर मिळते, म्हणून एक हिशेब लिहून ठेवा. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते कळतं. १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते.

पहिल्या दिवशी आम्ही जाळी थेट खालच्या थरावर टेकवली होती. गवंडी म्हणाला, "उचला भाऊ, खाली दोन इंच काँक्रीट पाहिजे." लोखंडाला ओल लागली की ते गंजतं, गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडतं. मग खाली कव्हर ब्लॉक ठेवले. रिंगांची टोकंही आम्ही काटकोनात वाकवली होती. ती त्याने पुन्हा आत वळवायला लावली, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते म्हणे.

हादरा म्हटल्यावर आई गप्प झाली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, तीही बहुतेक पांढरीतच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं, पण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नव्हतं. पांढरीने काळ्या मातीच्या फुगण्यापासून वाचवलं, पण धरणीकंपापासून ती कशी वाचवणार? ते काम फुटिंगपासून कॉलमपर्यंत आणि कॉलमपासून प्लिंथ बीमपर्यंत सलग बांधलेल्या सांगाड्याचं.

असो. काँक्रीट पडलं, आता जाळी कुणालाच दिसणार नाही. म्हणून आधी फोटो काढून ठेवलेत. दिवाळीला याल तेव्हा रिंगा मोजून घ्या.