किल्लारीची मुलं आणि आपली चार दानं



२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आपल्या दशलक्षण पर्वाची सांगता आणि गावोगावी गणपतीचं विसर्जन. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली माणसं मिरवणुका आटोपून उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा सगळा पट्टा हादरला. घरं जुन्या पद्धतीची, दगडमातीच्या रुंद भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारं ते माळवदच झोपलेल्यांच्या अंगावर आलं. बावन्न गावं जमीनदोस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ गेला.

पुढच्या दिवसांत धान्य, कपडे, भांडी, पांघरुणं घेऊन चहूकडून ट्रक निघाले. आपल्या भागातूनही मदत गेली. पण या गर्दीत एक प्रश्न मागे राहतो. ज्या मुलाचं घर गेलं, शाळा गेली, दप्तर गेलं, त्याच्या सहामाही परीक्षेचं काय? पुढच्या वर्षाचं काय? पोट भरलं तरी वर्ष बुडतं, आणि एकदा बुडालेलं वर्ष बहुतेक मुलांच्या हाती परत लागत नाही. मुलगा कामाला लागतो, मुलीचं लग्न ठरतं.

हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला ते आपल्याच समाजातले. मूळचे बीड जिल्ह्यातले शांतिलाल मुथ्था. पुण्यात त्यांनी १९८५ साली भारतीय जैन संघटना सुरू केली होती. भूकंपानंतर संघटनेने त्या भागातली सुमारे बाराशे मुलं पुण्याला आणली. राहणं, जेवण, कपडे, शाळा ही सगळी जबाबदारी घेतली, आणि तीही महिना-दोन महिन्यांसाठी नव्हे, शिक्षण होईपर्यंत. त्यातूनच नगर रस्त्यावर वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं.

बाराशे मुलं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनी मनात मोजून पाहावं. प्रत्येकाला दोन पोळ्या धरल्या तरी एका वेळेला चोवीसशे पोळ्या होतात. आजारपणं, रात्री दचकून उठणारी लेकरं, दिवाळीत घरच्या आठवणीने रडणारी लेकरं. आणि तिकडे गावी पत्र्याच्या शेडमध्ये राहून, वाचलेलं मूल दूर पाठवणारी आई. तिने काय दगड ठेवला असेल मनावर!

बहुतेक मुलं जैन नव्हती. शेतकऱ्यांची, मजुरांची होती. धर्म विचारून ताट वाढायचं नसतं, हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

उत्तम त्यागाच्या दिवशी आपण दरवर्षी चार दानं ऐकतो: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. शास्त्रदानालाच ज्ञानदानही म्हणतात. आहारदान आपल्या अंगवळणी पडलं आहे, कारण ते एका दिवसात होतं आणि डोळ्यांना दिसतं. ज्ञानदानाला मात्र वर्षं लागतात. पाचवीतला मुलगा दहावीला जाईपर्यंत देणाऱ्याने थकायचं नसतं. वाघोलीला चारही दानं एका छपराखाली आली. जेवण, औषधपाणी, शाळा, आणि ‘तू आता एकटा नाहीस’ हे अभय.

केंद्र नंतर बंद पडलं नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं. मेळघाटातली, ठाण्याच्या बाजूची आदिवासी मुलं आली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं आली. २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला तेव्हा संघटनेने गुजरातमध्ये ३६८ शाळा उभ्या करून दिल्या. वाघोलीत पुढे पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयही निघालं.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या अनाथ मुली आणून ठेवल्या, शिकवल्या. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, त्यावरून वादही पुष्कळ झाले. पण उपाशी मुलीला भाकरीबरोबर अक्षरही द्यायचं, हे त्यांनी करून दाखवलं. कुंभोजला १८८७ साली जैन घरात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. त्या दिवशी चूल पेटली ती त्या मंगळसूत्रावर.

आज पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे, ती कर्मवीरांच्याच नावाने. गरजू विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करतो आणि तासांप्रमाणे मानधन घेतो. त्यात उपकाराचं ओझं नाही. शासन दुष्काळ जाहीर करतं तेव्हा त्या गावांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ होतं, हेही अनेक घरांना माहीत नसतं. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या मुलामुलींना वसतिगृह देते. आपल्या जवळचं उदाहरण बारामतीचं. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून चालतं, आणि ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे अनेकांत एज्युकेशन सोसायटी. आपल्या समाजाने इथे ज्ञानदान कसं केलं, ते त्या नावातच वाचता येतं.

आता आपलं नरसिंहपूर. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. उजनीतून आणि वीर धरणातून एकाच वेळी पाणी सुटलं की आपण दोन्हीकडून पाण्यात. संगमावरच्या गावाला हे नवीन नाही. काठावरच्या घरांतून गुरं हलतात, धान्याची पोती हलतात. मुलांची कागदपत्रं मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहतात. म्हणून पावसाळ्याआधी एवढं करा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवा. जे मिळेल ते डिजिलॉकरमध्येही उतरवून घ्या.

आणि पूर ओसरला की एक गोष्ट लक्षात ठेवा. मूल कॉलेज सोडतं ते पुराच्या दिवशी नाही. तेव्हा सगळे धावून आलेले असतात. ते सोडतं चार महिन्यांनी, खानावळीचं बिल थकलं की. तोवर ट्रक परत गेलेले असतात, वर्तमानपत्रात दुसरी बातमी असते, आणि बारामतीला किंवा पुण्याला एका खोलीत बसलेली मुलगी वडिलांना फोन करून म्हणते, ‘बाबा, यंदा राहू द्या.’

आमच्या मंडळात मी हेच म्हणते. धान्याचा ट्रक नक्की पाठवू या, पण एखाद्या मुलीची खानावळ वर्षभर आपण धरू या. दहा घरांनी मिळून धरली तर कुणालाच जड नाही. तिला विद्यापीठाच्या योजना सांगणं, अर्ज भरताना शेजारी बसणं, दर महिन्याला ‘अभ्यास कसा चाललाय?’ म्हणून फोन करणं, हेही त्या दानातच येतं. तो फोन आपल्यातली कुणीही करू शकते.

यंदा उत्तम त्यागाच्या दिवशी चार दानं ऐकाल, तेव्हा तिसऱ्यापाशी थोडं थांबा.

जय जिनेंद्र.