मेस्सीनाचा भूकंप व दोन संत धर्मगुरु

महोत्सवाच्या प्रसंगीं आपल्या मंदिराच्या पायाची, मनोर्‍याची व घंटेची हकीकत सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या नगरांतील मनोरे एका मिनिटाच्या आंत कोसळले, तेथें ख्रिस्तसभेचें काय उरलें, हा प्रश्नहि अशाच प्रसंगीं विचारण्याजोगा आहे. म्हणून मेस्सीना शहराचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

मेस्सीना हें इटलीच्या दक्षिणेस, सिसिली बेटाच्या ईशान्य टोकास वसलेलें बंदर होय. अरुंद सामुद्रधुनीपलीकडे कालाब्रिया प्रांतांतील रेज्जो हें शहर आहे. इ. स. १९०८ च्या डिसेंबरच्या २८ तारखेस, म्हणजे नाताळानंतर तिसर्‍या दिवशीं, पहाटे सुमारें ५ वाजून २० मिनिटांनीं, लोक निद्रिस्त असतां, धरणी हादरली. अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक काळ लोटला असेल नसेल, तोंच दोन्ही शहरांचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. उघड्या जागेच्या आशेनें जे समुद्रकांठीं धांवले, त्यांजवर थोड्याच मिनिटांत प्रचंड लाटा चालून आल्या. मृतांची नक्की गणती कधींच झाली नाहीं; ती ७५,००० हून अधिक असावी असें सामान्यतः मानितात. याच मुलखास १७८३ सालींहि भूकंपानें झोडपलें होतें, व त्यानंतर घरबांधणीचे नियम घालून दिले होते. पण पिढ्या लोटल्या, नियम विस्मरणांत गेले, आणि कच्च्या चुन्यांत रचलेल्या भिंतींवर मजल्यांमागून मजले चढले.

दुसर्‍या दिवशीं सकाळीं रशियन युद्धनौका बंदरांत आल्या. इंग्रज खलाशीहि धांवून आले. त्यांनीं जिवावर उदार होऊन ढिगारे उपसले, व असंख्य जीव वांचविले. हें साह्य अमोल होतें. परंतु आरमार कायमचें राहूं शकत नाहीं. ढिगार्‍याखालून जिवंत निघालेलें, पण ‘तुझे आईबाप कोठें आहेत?’ या प्रश्नापुढें मुकें होणारें जें बालक, त्याचें पुढें काय? गलबतें नांगर उचलून गेल्यावर त्याचा हात कोणीं धरावा?

हा हात धरणारांत प्रथम आठवतात ते आनिबाले मारिया दि फ्रांच्या. १८५१ सालीं मेस्सीनांतच जन्मलेले हे कुलीन घराण्यांतील धर्मगुरु. शहरांतील आव्हिन्योने नांवाच्या दरिद्री वस्तींत त्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें होतें, अनाथालयें स्थापिलीं होतीं, व त्यांच्या सेवेसाठीं भगिनींचा संघ उभा केला होता. भूकंपाच्या वेळीं ते रोम येथें होते. परत येऊन पाहतात तों त्यांच्या संघांतील १३ भगिनी ढिगार्‍याखालीं मृत झालेल्या! ज्यानें आपल्या घरचीं इतकीं माणसें गमावलीं, त्यानें शोक करीत बसावें, तर त्यास कोण दोष देईल? परंतु अनाथांच्या तोंडीं घांस घालणें थांबण्याजोगें नव्हतें. १९०९ सालीं त्यांनीं मुलांस समुद्रापलीकडे आपुलिया प्रांतांतील ओरिया गांवीं नेलें, आणि तेथें नवीं आश्रयस्थानें उभीं केलीं.

दुसरे धर्मगुरु लुईजी ओरिओने. रस्त्यावर दगड बसविणार्‍या मजुराचे हे पुत्र, आणि डॉन बॉस्को यांचे विद्यार्थी. उत्तरेकडील तोर्तोना गांवाहून ते १९०९ च्या जानेवारींत आले, ते पोरक्या मुलांचा शोध घेण्यासाठीं. पुढें पोप दहावे पायस यांनीं त्यांस मेस्सीना धर्मप्रांताचे मुख्य प्रतिनिधि नेमिलें. परक्या प्रांतांतील माणूस अधिकारावर आलेला पाहून विरोध करणारेहि निघाले. तो त्यांनीं निमूटपणें सोसला, व सुमारें तीन वर्षें तें ओझें वाहिलें.

१९१५ च्या जानेवारीच्या १३ तारखेस मध्य इटलींतील आवेत्झानो परिसरांत पुन्हां भूकंप होऊन सुमारें ३०,००० माणसें दगावलीं. डोंगरांत बर्फ, कडाक्याची थंडी. आणि ओरिओने पुन्हां हजर! तेथील पेशिना गांवच्या एका मुलाची आई या भूकंपांत गेली. पुढें इन्यात्सियो सिलोने या नांवानें तो थोर लेखक झाला. अनाथ मुलांस नेण्यास वाहन मिळेना, तेव्हां या धर्मगुरूनें पाहणीस आलेल्या राजाच्याच मोटारींत मुलें बसविलीं, असें सिलोने यांनीं लिहून ठेविलें आहे. तारुण्यांत सिलोने ख्रिस्तसभा सोडून कम्युनिस्ट झाले, व पुढें त्या पक्षांतूनहि बाहेर पडले. तथापि ओरिओने यांच्याविषयींचा त्यांचा आदर ओसरला नाहीं. खरी दया परतफेडीचा हिशेब ठेवीत नाहीं, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

दि. १६ मे २००४ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं या दोघांस, एकाच दिवशीं, संतपदीं चढविलें. एकाच ढिगार्‍यावर राबलेले हे दोन धर्मगुरु वेदीवरहि एकत्र आले.

ही केवळ परदेशची कथा नव्हे. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस किल्लारी व आसपासच्या गांवीं पहाटेच्या वेळीं धरणी कांपली, आणि दगडमातीच्या भिंतींखालीं सुमारें १०,००० माणसें झोंपेंतच गेलीं. तेव्हां आपल्या महाराष्ट्रानेंहि अशीं मुकीं झालेलीं बालकें पाहिलीं. पहिल्या आठवड्यांत भाकरी व चादरी घेऊन धांवणारे पुष्कळ असतात, व ते धन्य होत. परंतु महिन्यांमागून महिने लोटल्यावर जो तेथेंच असतो, तोच अनाथाचा शेजारी होय. चांगल्या शेजार्‍यानें वाटेवरच्या जखमी माणसास नुसती पट्टी बांधिली नाहीं. त्यास धर्मशाळेंत नेलें, आणि पुढचा खर्चहि आपणाकडे घेतला.

धर्मबंधुभगिनींनो, महोत्सवाच्या वर्षीं आपण भिंतींस रंग देऊं, दिवे लावूं, घंटा वाजवूं. मात्र भिंती आज आहेत, उद्यां नसतील. आपल्या धर्मग्रामांत आपत्तीनंतर विसरलें गेलेलें असें एखादें घर आहे काय, एखादी विधवा, एखादें पोरकें मूल आहे काय, हें प्रत्येकानें शोधावें. त्या दारीं जो वर्षभर जात राहील, त्यानें हा महोत्सव खरोखर साजरा केला असें आम्ही समजूं. संत आनिबाले व संत लुईजी आपणांसाठीं विनंती करोत.