वाट लागलेल्या वाटा

माउंटन बाइकिंगचा इतिहास म्हटलं की सगळे सायकलींबद्दलच बोलतात. फ्रेम कुणी बनवली, गिअर कुणी बसवले वगैरे. त्या सायकली ज्या वाटांवर चालल्या त्यांचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर तीच गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटते.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथे माउंट टॅमल्पाइसच्या शेजारच्या डोंगरात, फेअरफॅक्स गावाजवळ एक फायर रोड आहे, म्हणजे वणवा विझवायला गाड्या नेता याव्यात म्हणून काढलेला कच्चा रस्ता. साधारण दोन मैलांत 1300 फूट उतार! 21 ऑक्टोबर 1976 ला काही पोरांनी जाड टायरच्या जुनाट सायकली घेऊन तिथे शर्यत लावली. पेडल मागे दाबलं की लागणारा ब्रेक. खाली पोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागायचं, म्हणजेच 'रीपॅक' करावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. 1977 मध्ये जो ब्रीझने खास ह्या कामासाठी फ्रेम बनवली, 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केलीने कंपनी काढली, 1981 मध्ये स्टंपजंपर दुकानात आली. पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

सायकली वाढल्या तशी भांडणंही वाढली. चालणारे आणि घोडेवाले वैतागले. 1984 मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेल्या जंगलांत सायकलला सरळ बंदी घातली. मरीनमध्ये, म्हणजे जिथे हा खेळ जन्मला तिथेच, अरुंद पायवाटा सायकलवाल्यांना बंद झाल्या आणि रुंद रस्त्यांवर ताशी 15 मैलांची मर्यादा आली. एक आरोप वेगाबद्दल होता, तो बराचसा खराच होता. दुसरा आरोप असा की सायकलची चाकं डोंगर खणून काढतात.

1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच क्लबांनी मिळून इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे 'इम्बा', काढली. मोर्चे काढण्याबरोबरच (तेही केलंच असणार म्हणा :) ) त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. हातात कुदळ-फावडी घेतली.

कारण वाटेचा खरा शत्रू पाणी. 1994 मध्ये विल्सन आणि सीनी ह्या दोघांचा मोंटानातल्या पायवाटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओल्या वाटेवर घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय चाकांपेक्षा जास्त माती मोकळी करतात, असं त्यात दिसलं. पण माती कुणीही मोकळी करो, ती वाहून नेतं ते पाणीच. जुन्या बऱ्याच वाटा कुणी आखलेल्या नव्हत्याच, सरळ उतारावरून खाली. पाण्यालाही नेमका तोच रस्ता आवडतो. एकदा चाकोरी पडली की वाटेचा ओढा होतो. लोक चिखल टाळायला बाजूने जातात, वाट रुंदावते, शेजारी दुसरी चाकोरी पडते. अशा वाटेवर दर वर्षी माती टाकणं म्हणजे डिझाइनमधला बग पॅच मारून झाकणं. ती हलवावीच लागते.

मग हलवायची कुठे? ह्यावर इम्बाने 2004 च्या 'ट्रेल सोल्यूशन्स' पुस्तकात सोपी सूत्रं दिली. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे उतार 30 टक्के असेल तर वाट फार तर 15 टक्के. सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आत. वाट बाहेरच्या, दरीच्या बाजूला किंचित कललेली, आणि थोड्या थोड्या अंतराने एक छोटी बुडी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. रीपॅकचा हिशोब करून बघा, सरासरीच 12 टक्क्यांच्या आसपास येते! गंमत म्हणजे त्याच माउंट टॅमवर 1896 मध्ये आगगाडी सुरू झाली होती, आठ मैलांत 281 वळणं घेत चढणारी. 1930 मध्ये ती बंद पडली. तिचा चढ जेमतेम 7 टक्क्यांपर्यंत, कारण इंजिनाला तेवढंच झेपायचं. रूळ गेले, पण त्या मार्गावर आजही लोक सायकल घेऊन चढतात.

1997 पासून इम्बाने दोन-दोन जणांच्या जोड्या गाडीतून गावोगावी पाठवल्या, स्थानिक क्लबांना हे शिकवायला. त्यांची हत्यारंही मजेशीर, वणवा विझवणाऱ्यांकडून उसनी घेतलेली. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूला दाताळं, दुसऱ्या बाजूला रुंद पातं. पुलास्की म्हणजे कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्याला. हे नाव एड पुलास्कीचं, 1910 च्या प्रचंड वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंबून बहुतेकांचा जीव वाचवणारा वनरक्षक.

नवीन वाट खोदणं त्यातल्या त्यात सोपं. जुनी बंद करणं महाकठीण, कारण लोकांना शॉर्टकट दिसला की मोह होतोच. नुसती पाटी लावून भागत नाही. जुन्या चाकोरीत लाकडाचे छोटे बांध घालून माती अडवायची, घट्ट झालेली जमीन खणून भुसभुशीत करायची, आसपासची झुडपं आणून लावायची. आणि सगळ्यात जास्त मेहनत दोन्ही टोकांवर, जिथून ती वाट नजरेस पडते. तिथे फांद्या आणि ओंडके असे पसरायचे की तिथे वाट होती हे येणाऱ्याला कळूच नये.