मुंबईच्या टपालाचं गाव

कामानिमित्त तीन आठवडे बारीला होतो. (बारी म्हणजे इटलीच्या बुटाची टाच जिथे सुरू होते, तिथलं बंदर.) रविवार मोकळा मिळाला. टीममधले बाकीचे शॉपिंगला गेले आणि मी तासाभराच्या अंतरावर असलेल्या ब्रिंडिसीची गाडी पकडली. कारण एकच. शाळेत असताना '८० दिवसांत जगाची सफर' वाचलं होतं. त्यातला फॉग लंडनहून निघतो, ब्रिंडिसीला बोटीत बसतो आणि मुंबईला उतरतो. तेव्हा मला वाटायचं, ज्यूल व्हर्नने हे गाव आपलं मनानेच घेतलं असणार. लंडनहून मुंबईला यायला इटलीच्या टाचेत कोण कशाला तडमडेल?

गाव पायी फिरवून दाखवणाऱ्या एका सहलीत नाव नोंदवलं. आम्ही नऊजण होतो. गाईड साठीच्या आसपासच्या एक बाई, निवृत्त इतिहास शिक्षिका. पहिल्याच मिनिटाला त्यांनी जमिनीवर काठीने हरणाचं डोकं काढलं, दोन शिंगांसकट. "हे आमचं बंदर," म्हणाल्या. नकाशा बघा, खरंच तसं आहे. समुद्राचे दोन फाटे गावाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. ब्रुंडिसियम हे जुनं नावही हरणाच्या डोक्यासाठी असलेल्या इथल्या प्राचीन शब्दावरून आलं म्हणतात.

बंदरावरून पायऱ्या चढून गेलं की एक उंच संगमरवरी रोमन खांब दिसतो. रोमहून निघणारा आप्पियन मार्ग, म्हणजे रोमन लोकांचा 'मुंबई-पुणे हायवे' म्हणा ना, तो इथे संपायचा. (२०२४ मध्ये हा रस्ता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.) खांब खरं तर दोन होते. एक १५२८ मध्ये कोसळला. पुढे सतराव्या शतकात लेचे या शेजारच्या गावाने प्लेगमधून वाचल्याबद्दल आपल्या संताचं स्मारक करायला त्याचे तुकडे नेले. बाई हे सांगताना अशा काही चिडल्या होत्या की जणू परवाच कोणी न विचारता शिडी उचलून नेली आहे!

याच खांबांच्या जवळ कुठेतरी, इसवीसनपूर्व १९ मध्ये, महाकवी व्हर्जिल वारला. ग्रीसहून आजारी होऊन परतला होता. 'एनिअड' पूर्ण झालं नाही म्हणून ते जाळून टाका अशी त्याची इच्छा होती असं सांगतात. ऑगस्टस बादशहाने ऐकलं नाही. आमच्या धंद्यात रोजचाच प्रकार हा. लिहिणारा म्हणतो अजून तयार नाही, आणि वरचे म्हणतात रिलीज करा. फक्त इथे वरच्याचं बरोबर निघालं.

पुढे धर्मयुद्धांच्या काळात जेरुसलेमला जाणारे यात्रेकरू आणि सैनिक इथूनच बोटीत बसत. त्या काळातलं सान जोवानी नावाचं छोटंसं गोल देऊळ अजून आहे. त्यानंतर मात्र बंदराचं तोंड गाळाने भरत गेलं, पाणी साचलं, मलेरिया आला. १७७० च्या दशकात पिगोनाती नावाच्या इंजिनिअरने ते तोंड पुन्हा उघडलं. आजही त्या कालव्याला त्याचंच नाव आहे. इंजिनिअरचं नाव कशाला तरी दिलेलं बघून बरं वाटलं!

मग आम्ही बंदरावरच्या एका भारदस्त जुन्या हॉटेलसमोर थांबलो. बाईंनी विचारलं, "याचं मूळ नाव काय असेल?" कोणालाच येईना. उत्तर होतं, 'ग्रांदे अल्बेर्गो देल्ले इंदिए ओरिएंताली'. म्हणजे पूर्वेकडच्या हिंदुस्थानचं भव्य हॉटेल! आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या.

तर फॉगचं कोडं इथे सुटलं. रेल्वे बोटीपेक्षा वेगवान, एवढं साधं तत्त्व. मग रेल्वे जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची आणि जमीन संपली की मगच माल बोटीवर चढवायचा. ब्रिंडिसीला रेल्वे आली १८६५ मध्ये. सुएझ कालवा उघडला १८६९ मध्ये. आधी टपाल फ्रान्समधल्या मार्सेलवरून जायचं, पण १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि तो रस्ता बेभरवशाचा झाला. १८७१ मध्ये आल्प्समधला बोगदा सुरू झाला आणि ब्रिंडिसीचं नशीब उघडलं. लंडनचं टपाल गाडीने इथे यायचं, इथे 'पी अँड ओ'च्या बोटीवर चढायचं आणि मुंबईला उतरायचं. १९१४ चं महायुद्ध येईपर्यंत हे चाललं. त्या चाळीसेक वर्षांत मुंबईत लोक ज्या 'विलायती मेल'ची वाट बघायचे, तिची पोती या धक्क्यावरून गेलेली. आणि आपल्याला गावाचं नावही ठाऊक नाही!

अजून एक. डिसेंबर १९३१. दुसरी गोलमेज परिषद आटोपून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी इथेच 'पिल्स्ना' बोटीत बसले. २८ तारखेला मुंबईला उतरले आणि ४ जानेवारीला तुरुंगात. त्या बोटीवरचे दिवस म्हणजे त्यांची शेवटची मोकळी सुट्टीच म्हणायची.

मला वाटलं, संपली सहल. पण बाई धक्क्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आत्तापर्यंत मी तुम्हाला इथून गेलेल्यांची गोष्ट सांगितली. आता आलेल्यांची."

७ मार्च १९९१. पलीकडच्या अल्बानियात कम्युनिस्ट राजवट मोडकळीला आलेली. माणसांनी खच्चून भरलेल्या बोटी या बंदरात लागल्या. एक-दोन दिवसांत पंचवीस हजारांवर माणसं. गावाची वस्ती नव्वद हजारांच्या आसपास. सरकारला जाग यायला वेळ लागला. तोवर गावानेच शाळा उघडल्या, देवळं उघडली, घरं उघडली. "माझ्या आईने बाजारातून येताना दोन भाऊ घरी आणले," बाई म्हणाल्या. "बटाटे आणायला गेली होती. मी तिच्यावर ओरडले, की आपण ओळखत नाही यांना. ती म्हणाली, ओले आहेत गं ते."

सगळंच गोड नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये 'व्लोरा' नावाची बोट सुमारे वीस हजार माणसं घेऊन आली, तिला ब्रिंडिसीने घेतलं नाही. ती बारीला गेली. तिथे लोकांना स्टेडियममध्ये कोंडलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. ते स्टेडियम बारीतच आहे, आणि मला दोन आठवडे त्याचा पत्ताच नव्हता.

परतीच्या गाडीत मला एक मीटिंग आठवत राहिली. आमच्या पुण्यातल्या सोसायटीची. विषय होता, डिलिव्हरीच्या पोरांनी लिफ्ट वापरावी की नाही. बाहेर धो धो पाऊस होता. दोन तास चर्चा झाली आणि 'वापरू नये' असं ठरलं. मी विरोधात होतो. म्हणजे मनातल्या मनात. तोंडाने मी एक अक्षर बोललो नाही, उगाच कशाला वाईटपणा घ्या म्हणून.

ब्रिंडिसीत व्हर्जिल मेला, गांधीजी बोटीत बसले, मुंबईचं टपाल गेलं. पण माझ्याबरोबर परत आलं ते त्या आईचं वाक्य.

असो. पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. लिफ्टचा विषय पुन्हा घ्या असं सेक्रेटरींना लिहून दिलंय.